मिठाचा वास

२८ जानेवारी, मंगळवार

हिंगात भेसळ! सकाळी डबा उघडला, नाकाशी धरला — काही नाही. खडूची पूड हुंगावी तसं. रविवारच्या सीमंतासाठी, डोहाळजेवणाच्या पंगतीसाठी, मुद्दाम मागवलेला खडा हिंग. सुब्रमण्यमच्या दुकानातून इतकी वर्षं माल घेतोय, आणि हा माणूस मला, राममूर्ती आचाऱ्याला, पीठ बांधून देतो!

तसाच गेलो भांडायला. अंग मोडून आलं होतं, कपाळ तापलेलं, पण रागाला ताप अडवत नाही. सुब्रमण्यम हसला. तमिळमध्ये म्हणाला, "राव, त्या डब्याच्या वासानं अख्खं दुकान भरलंय, आणि तुम्हांला येत नाही?" दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली. आधी ठरवून हसल्यासारखी! मी दुसरा डबा फोडायला लावला. त्यालाही वास नाही. म्हणजे दोन्ही एकाच पिंपातले. चांगला माल भरद्वाजला आणि तळाचा गाळ मला — असं चाललंय तर.

भरद्वाज म्हणजे तिरुची रस्त्यावरचा नवा केटरर. छापील कार्ड, गणवेशातली माणसं, उभ्यानं जेवण. वर्षभरात निम्मं गाव गिळलंय त्यानं. दुकानदारांना कळतं वारा कुठला आहे ते.

कणकण आहे. यंदा दव फार पडतंय. दुसरं काही नाही.

२९ जानेवारी, बुधवार

सुब्रमण्यमचा हिंग चांगला आहे.

सकाळी चुलीपासून हातभर अंतरावर बसून पंचांग बघत होतो. दूध उतू गेलं, मग करपलं, मग भांडं काळं झालं. नागलक्ष्मी न्हाणीतून ओल्या पायांनी धावत आली. "अहो, घरभर धूर, तुम्हें काय करलालांत?" मी म्हणालो, लक्ष नव्हतं. ती नुसती बघत राहिली. ही बाई बघत राहिली की समजावं, आता ती विसरणार नाही.

ती देवळात गेल्यावर एकेक डबा उघडला. धणे. मेथी. कॉफीची पूड. कढीपत्ता चुरगाळला. कापूर नाकात घालायचा बाकी ठेवला. काही नाही! नाक जागेवर आहे, आतलं माणूस घर सोडून गेलंय.

हे कोणाला सांगायचं नाही. इथे लिहितो, कारण हे अक्षर या घरात माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. नागलक्ष्मी मराठी बोलते पण वाचते तमिळ. हाताखालचा मणीही तसाच. मला आजोबांनी पाठीत धपाटे घालून बाळबोध शिकवलं, त्याचा उपयोग हा असा होतोय.

दुसऱ्या कुणा आचाऱ्याचं नाक गेलं तर चमच्यानं चाखून बघेल. माझं तसं नाही. आमच्या सोवळ्याच्या सैपाकात नैवेद्य दाखवण्याआधी जिभेवर थेंब ठेवायचा नाही. जे करायचं ते वासावर. लोक म्हणतात मिठाला वास नसतो. खोटं आहे ते. अळणी सांबाराचा वास उघडा असतो, वर वर पळतो. मीठ नीट पडलं की तो खाली बसतो. माझ्या बापाला कळायचं, मला कळतं. या तमिळ गावात पिढ्यानपिढ्या राहिलेली जुनी मराठी घरं मला बोलावतात ती यासाठी. नाही तर भात कोणीही शिजवेल.

आणि रविवारी रघुरामरावांच्या लेकीचं, जननीचं, सीमंत!

२९ जानेवारी, संध्याकाळ

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तोंडाला मास्क लावून दोन हात लांबून बोलला, जणू मी उकळतं तेल. "तपासणी करून घ्या. आठवडाभर घरी राहा. म्हातारे, पोटुशा बायका, यांच्या जवळ जाऊ नका." तपासणी कुठं करायची, तर समोरच्याच लॅबमध्ये. लॅब त्याच्या मेव्हण्याची. हे सगळ्या गावाला माहीत आहे!

तपासणी केली नाही. कागदावर एकदा रोगाचं नाव आलं की तो रोग होतो. तोवर नुसता ताप.

३० जानेवारी, गुरुवार

बँकेतल्या माणसाला ताप आला की तो अर्ज टाकतो. शाळामास्तरणीला आला तर मुलांना सुट्टी. मला आला तर मी कोणाकडे रजा मागायची? माझा साहेब मीच, आणि हा साहेब मोठा खडूस आहे. सीमंताचा मुहूर्त पुढे ढकलत नाहीत. आचारी बदलतात. आणि एकदा बदललेला आचारी त्या घरात पुन्हा येत नाही, त्या घराच्या सोयऱ्यांकडेही नाही.

सकाळी मणी आला, सांबाराची पूड भाजायला. मणी माझा दुसरा हात. त्याच्या लग्नाच्या आधीपासून माझ्याबरोबर आहे, आता त्याचे कल्ले पिकले. तोंडात पान, कमरेला वेष्टी, तिच्या घडीत फोन. हात चांगला आहे त्याचा, नाकही माझ्याच हाताखाली तयार झालंय. पण गेल्या वर्षी ओरत्तनाडूला भरद्वाजच्या एका कामावर गेला होता. सांगून गेला, पण गेला.

धणे मी भाजत होतो. तो मागून आला आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. सरळ काढून घेतला! विस्तव बारीक केला. "अण्णा, धणे करपलालेत. तुम्हांला वास येईना कां?" मी म्हणालो, सर्दी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, धण्यांकडे बघितलं. मग हळूच, "रविवारीं तुम्हें घरीं राहा, अण्णा. मी बघून घेतों."

मी बघून घेतों! किती दिवस हे वाक्य तोंडात घोळवत होता कोण जाणे. नाकापेक्षा मोती जड झाला तो असा.

तो बाहेर ओट्यावर गेला नि फोनवर कोणाशी तरी बोलला, आवाज खाली करून. मी दाराआड उभा राहिलो. एवढंच कानावर पडलं — 'रविवार'. मग 'अण्णा'. मग 'मीच येतों'. पलीकडे कोण होतं हे मला कोणी सांगायची गरज नाही. तो छापील कार्डवाला.

ताप रात्री चढतो, सकाळी गोळीनं उतरतो. खोकला नावाला. ताकास तूर लागू द्यायची नाही, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

रघुरामरावांचा फोन. हे कॉलेजातून निवृत्त झालेले, राजवाड्यामागच्या गल्लीत घर, माझ्या बापापासून त्यांच्याकडचं कार्य आमच्याकडे. इकडचं तिकडचं काही न बोलता एकदम म्हणाले, "रामण्णा, कानावर आलें, तुझ्या माणसांत कोणाला तरी ताप आहे म्हणे. जननीचा आठवा चाललाय. डॉक्टरीण म्हणते जपा. खरें काय तें सांग."

कोणी सांगितलं? मणी! दुसरं कोण? काल माझ्या हातातून झारा घेतला, आज माझ्या हातातून घर घेतोय. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं, आणि तोंडातून निघून गेलं — "मणीला होता ताप. त्याला मी आणत नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

राव म्हणाले, "तुझें तसें नाही हें मला ठाऊक. तूं आहेस म्हणून काळजी नाही."

फोन ठेवल्यावर वेळ झाली नसताना एक गोळी घेतली. तापासाठी.

पण विचार केला तर काय चुकलं? जो माझ्या पाठीमागे बोलला त्याच्याच अंगावर त्याचं बोलणं उलटलं. मी फक्त नाव बदललं.

३१ जानेवारी, संध्याकाळ

मणी केळीच्या पानांचं सांगायला आला. त्याला अंगणातच उभा केला. म्हणालो, रविवारी येऊ नकोस, रावांनी नको म्हटलंय. "कां, अण्णा?" तुला ताप आहे असं त्यांच्या कानावर गेलंय. "मला?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. कडीपाटाकडे बघत होतो.  तो म्हणाला, "सरी, अण्णा," म्हणजे बरं, आणि गेला.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. पण इतक्या सहज? ना आवाज चढवला, ना शपथ घेतली. निर्दोष माणूस भांडतो. जो भांडत नाही त्याच्याकडे दुसरी सोय तयार असते.

आता हे लिहिताना लक्षात आलं. मणी नाही म्हणजे रविवारी त्या सैपाकघरात एकही नाक नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

भांडीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "मणीनं गुरुवारीच फोन करून सगळं पक्कं केलंय. अण्णांना दगदग नको, भांडी न्यायला मीच येतो म्हणाला." म्हणजे ओट्यावरचा तो फोन हा होता? असेल. नसेलही. भांडीवाला आणि मणी एकाच गावचे. एकमेकांना सांभाळून घेतात.

दुपारी नागलक्ष्मीशी भांडण. तिला म्हणालो, उद्या तू चल, नुसती भांड्यांपाशी उभी राहा, वास कसा आहे तेवढं मला सांग. बिंग फुटलं म्हणून वाईट वाटलं नाही, तिला दुधापासूनच ठाऊक होतं. ती भाजी चिरत होती. विळी आडवी केली.

"मी ह्या पापांत नाही. पोटुशी पोर आहे तेथें. तुम्हांला ताप, खोकला, आणि तुम्हें तिला वाढायला जालालांत!"

"मी वाढणार नाही. मागे राहीन. मास्क लावीन."

"मणीला पाठवा. तेला काय झालें आहे?"

मणीचं काय झालंय ते मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, तुला काय कळतं, आज मी घरी बसलो तर उद्या बोलावणारं कोणी उरणार नाही. ती म्हणाली, "नाही बोलावलें तर नाही. आम्हें दोघें किती खातों?" बोलायला सोपं आहे. प्रश्न खाण्याचा असता तर मीही झोपून राहिलो असतो. मला बोलावलं नाही तर मी कोण आहे? घरी बसून पंचांग बघणारा एक म्हातारा.

तरी तिचं बोलणं लागलं. खोटं कशाला लिहू. जननीच्या बारशाचा सैपाक मी केलाय. लहान असताना ती मागल्या दारानं येऊन पायसमातले काजू मागायची, नैवेद्याआधी देता येत नाहीत म्हटलं की पाय आपटायची. 'मामा' म्हणते मला. तिला काही झालं तर? हा विचार आला आणि चारच्या सुमारास मी खरोखर फोन हातात घेतला. रावांना सांगायचं — मला बरं नाही, मणी येईल, मणी ठणठणीत आहे, मी बोललो ते चुकून बोललो.

चुकून कसं बोललो, हे कसं सांगायचं तेच जुळवत होतो, तेवढ्यात गल्लीतून भरद्वाजची गाडी गेली. पांढरी, अंगावर पेटत्या दिव्याचं चित्र. आमच्या गल्लीत त्याचं काय काम? हळू गेली, आमच्या दारापाशी जरा जास्तच हळू. वाट बघतायत सगळे! मी केव्हा आडवा होतो याची.

फोन ठेवून दिला. चिंच भिजत घातली.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं! सगळं पार पडलं! अंगातून घाम वाहतोय, पाय उचलत नाहीत, पण हे आज लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पहाटे दोन गोळ्या घेतल्या, आंघोळ केली, मंडपात सगळ्यांच्या आधी गेलो. मागे पत्र्याचं सैपाकघर, तीन मोठ्या शेगड्या, त्यांचा घोंघाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. भाजी चिरायला दोन बायका. तोंडाला मास्क. धुराचा त्रास होतो असं सांगितलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या की काय असं वाटलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

भात झाला, चिंचेचा भात झाला, पायसम झालं. तिथे हातच पुरतो. सांबाराशी आलो आणि अडलो. चिंच नव्या पिकाची, तिचा आंबटपणा मला माहीत नाही. मीठ टाकलं, सवयीनं जेवढं पडतं तेवढं. मग हंड्यावर वाकलो. नुसती वाफ. गरम पाण्याची वाफ यावी तशी. आणखी मूठभर टाकू की नको? एक मूठ जास्त झाली तर सगळी पंगत पाण्यावर उठणार, कमी झाली तर राव काही बोलणार नाहीत, ते आणखी वाईट. त्या बायकांना विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर. हातात मीठ घेऊन उभा राहिलो. इतका आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

आणि मागल्या दारात जननी! हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, रेशमी साडी, चेहरा घामेजलेला. बाहेर होमाचा धूर सोसवेना म्हणून इकडे आली. "मामा, मला थोडीशी काकडीची पचडी पाहिजे. कोंजम. नैवेद्य व्हायला पाहिजे म्हणू नका, बाळ मागतंय." तशीच पाय आपटत. मी हातानंच खूण केली, लांब हो, धूर आहे. ती हलली नाही. नाक वर केलं. म्हणाली, "मामा, सांबाराला उप्पु कमी."

उंबऱ्यावरून! मीठ कमी आहे हे तिला उंबऱ्यावरून कळलं! म्हणाली, "आतां मला सगळ्याचा वास येतो. अम्माच्या कपाटातल्या साबणाचा सुद्धां." पोटुशीचं नाक. आजी म्हणायची, त्या दिवसांत बाईला मुंगीच्या पावलांचा वास येतो.

मी मूठ सोडली. "आतां?" शेगड्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मी म्हणालो, "ये, हिकडे ये." आली. पदर सावरून हंड्यावर वाकली, मी झाकण धरून बाजूला. "अजून कोंजम." टाकलं. ढवळलं. "आतां बसलें, मामा." बसलं! माझ्या बापाचा शब्द तिच्या तोंडून आला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मग रसम. मग डाळभाजीचं कूटु. मग पचडी. एकेका भांड्याशी ती वाकायची, मी वाकायचो, ती सांगायची, मी टाकायचो. ओरडून बोलावं लागत होतं म्हणून मास्क केव्हा हनुवटीवर आला कळलं नाही. एकदा खोकल्याची उबळ आली, धुराची. ती हसली, म्हणाली, मामा, तुमचाच धूर तुम्हांला लागतो. जिभेला थेंब नाही लावला तिनं, मीही नाही. सोवळं सोळा आणे राखलं. हे महत्त्वाचं.

पंगत उठली ती बोटं चाटत. चेन्नईहून आलेल्या तिच्या सासऱ्यांनी सांबार तीनदा घेतलं. राव सैपाकघरात आले, सगळ्यांदेखत म्हणाले, "रामण्णा, तुझें नाक सोन्यानें मढवायला हवें!"

एक गोष्ट मात्र राहिली. भाजी चिरणाऱ्या बाईनं सांगितलं, सकाळी मणी मागल्या फाटकाशी येऊन उभा होता. डोकं ओलं, सोवळ्याचं नेसून. रावांच्या मेव्हण्यानं त्याला हाकललं, तापाचा माणूस म्हणून. पाळत ठेवायला आला असणार, माझं कुठं चुकतंय ते बघायला. आव तर बघा, आंघोळ करून!

३ फेब्रुवारी, सोमवार

ताप नाही. वास नाही. स्तुती मात्र गावभर.

५ फेब्रुवारी, बुधवार

कॉफीचा किंचित वास आला. किंवा आल्यासारखं वाटलं. गूळ घातलेल्या पाण्यासारखा, पण आला.

नागलक्ष्मीला आनंदानं सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तुम्हांला एक सांगायचें आहे. रागावूं नोको." रावांच्या बायकोला, गायत्रीला, तिनंच सांगितलं होतं. गेल्या शुक्रवारी सकाळी, देवळात. नाव घेतलं नव्हतं. आमच्या माणसांत ताप आहे, सांभाळा, एवढंच म्हणाली होती. "तुम्हें ऐकेनात. मग मी काय करूं?"

म्हणजे मणी नव्हता.

घरचीच! इतक्या वर्षांची! तिच्याशी बोललो नाही दुपारपर्यंत. मग मणीचा विचार करत बसलो. त्याला सगळं ठाऊक होतं — धणे, वास, ताप. आणि तरी त्यानं रावांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी असतो तर सांगितलं असतं. माणूस हातातलं हत्यार वापरत नाही तेव्हा तो ते पुढच्यासाठी राखून ठेवतो.

चोराच्या मनात चांदणं, असं नागलक्ष्मी मला नेहमी म्हणते. म्हणू दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रावांचा फोन. जननीला कालपासून ताप. खोकला. धाप लागते.

"तो तुझा मणी फाटकाशीं आला होता, रामण्णा. तूं आधीं सांगितलें होतेंस, तरी तो आला! जननी तेव्हां मागल्या दाराशींच फिरत होती. तेथेंच लागलें असणार."

मी 'हूं' म्हणालो.

'हूं' म्हणजे हो नव्हे. 'हूं' म्हणजे मी ऐकतोय.

मंडपात माणसं काय थोडी होती? फोटोवाला शिंकत होता, मी स्वतः पाहिलं. चेन्नईची सगळी मंडळी रेल्वेनं आली, बंद डब्यात, रात्रभर. तिच्या सासूचा घसा बसलेला होता. नादस्वरवाला तर तोंडानं फुंकतो, तेही तिच्या पुढ्यात बसून! होमाला बसलेले गुरुजी मध्येच उठून बाहेर का गेले होते? यातलं कोणीही असेल. दिवसभर एकेकाला डोळ्यांपुढे आणून बघतोय. प्रत्येकावर संशय घ्यायला जागा आहे.

नागलक्ष्मीनं रात्रीचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेली. तिनं काही तरी बोलायला हवं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जननी म्हणते, तिला वास येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जननीला काल मुलगी झाली. दिवस भरायच्या कितीतरी आधी. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

राव मणीच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोमुलांदेखत, सगळी गल्ली गोळा होईल असं बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्या अण्णानेंच सांगितलें तुला ताप होता म्हणून. होता कीं नव्हता, एवढें बोल."

मणी म्हणाला, "अण्णांनी सांगितलें तर होताच."

यात त्याचा डाव काय, हे सकाळपासून शोधतोय. सापडत नाही.